कानामागची गाठ बिब्ब्याने जिरत नाही, कातडी मात्र जळते

"कानामागे गाठ म्हणजे कॅन्सरची सुरुवात. सुई किंवा हत्यार लागलं की ती अंगभर पसरते. बिब्ब्याचं तेल आणि चुना लावा, सात दिवसांत जिरेल." व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर मावशीने वाचला आणि बिब्बे कुठे मिळतील असं विचारलं. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

कॅन्सरची सुरुवात? पायाला जखम झाली की जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, येतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कानामागची गाठ हे बहुतेकदा डोक्याच्या कातडीचं अवधाण. उवा, खाजवून झालेले फोड, डोक्यातलं गजकर्ण, कान टोचलेलं भोक पिकणं, केसांच्या डायची ॲलर्जी, झालंच तर रुबेला (जर्मन गोवर), यांपैकी काहीही तिला सुजवतं. वाटाण्याएवढी, दुखरी, बोटाखाली सरकणारी गाठ असेल तर आधी डोक्यात बारीक दातांची फणी फिरवा. उवा निघाल्या तर १ टक्का परमेथ्रिन हे उवांचं औषध १० मिनिटं लावून धुवायचं, ७ ते १० दिवसांनी पुन्हा एकदा. गाठ ओसरायला २ ते ४ आठवडे लागतात. तोवर ती सारखी चाचपू नका, दाबून दाबून दुखरीच राहते. आणि दुसऱ्या कानामागेही अगदी तसंच टणक काही लागत असेल, तर ते हाड आहे.

आता बिब्बा. राग येतो तो याचाच. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, काळा डाग राहतो; ओला चुनाही जाळतोच. कानामागची कातडी पातळ, तिथे तर फारच. शिवाय त्या भाजलेल्या जागेतलं पाणी झिरपून जातं त्याच गाठीत. म्हणजे गाठ आणखी सुजते, आणि लोक समजतात की औषधाने "आतलं वर आलं". पुढे तपासायची वेळ आली की सुई घालायला चांगली कातडी उरलेली नसते.

सुईने पसरतं म्हणे! एफएनएसी म्हणजे इंजेक्शनच्याच बारीक सुईने चार पेशी ओढून काचेवर पसरणं. मानेच्या गाठीत सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. हत्याराच्या भीतीत मात्र एक अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. टीबीच्या गाठीत, म्हणजे गंडमाळेत, पू झाला आणि कुणी वरून चिरा दिला, तर ती जखम महिनोन्‌महिने वाहत राहते. म्हणून तो पू काढतात तो सुईनेच, बाजूच्या निरोगी कातडीतून तिरकी घालून.

आपल्याकडे रेंगाळलेल्या गाठीमागे टीबी असण्याची शक्यता मोठी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या इंडेक्स-टीबी (फुफ्फुसाबाहेरच्या टीबीच्या) मार्गदर्शक सूचना सुईने काढलेला नमुना जीन-एक्सपर्टसाठी, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीसाठीही, पाठवायला सांगतात, आणि गाठीच्या टीबीला ६ महिन्यांचा कोर्स. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. उपचार चालू असताना गाठ मध्येच मोठी होऊ शकते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग थांबायचं किती? गाठ ४ आठवड्यांत उतरली नाही, २ सेंटिमीटरहून मोठी आहे, दगडासारखी घट्ट आहे, हलत नाही, किंवा सोबत रात्री घाम, ताप, वजन उतरणं आहे, तर दाखवा. गळ्याच्या हाडावरची गाठ लहान असली तरी दाखवा. कान फुटलेला, ताप, कानामागे लाल सूज आणि कान पुढे ढकललेला, असं दिसलं तर ती गाठ नव्हे, हाडातला संसर्ग आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लिम्फोमाची, म्हणजे अशा गाठींच्याच कॅन्सरची, शंका असेल तर सुई पुरत नाही, अख्खी गाठ काढावी लागते. अशा वेळी आधीच विचारून ठेवा: एक तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या रसायनात), दुसरा साध्या सलाईनमध्ये जाणार ना? सगळी गाठ फॉर्मालिनमध्ये बुडवली की टीबीचे जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी, करता येत नाही.