बोकड बदलला की करडांचं वजन दुप्पट होतं का?

शेळीपालकांमध्ये एक मेसेज सतत पुढे पाठवला जातो. सारांश असा: वाढ रक्तात असते, मोठ्या जातीचा बोकड आणला की पुढच्याच वेताला करडांचं वजन दुप्पट होतं, चारा, खुराक, गोठा या नंतरच्या गोष्टी, आणि कळपातलं सगळ्यात वजनदार करडू पैदाशीला राखावं. प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. पण त्यावर विसंबून माणसं कर्ज काढून बोकड घेतात, तेव्हा एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

आधी 'दुप्पट'. करडाला बापाकडून निम्मेच जनुक मिळतात. बोकडाची जात तुमच्या शेळ्यांच्या दुप्पट वजनाची असली, तरी संकरित करडू साधारण दीडपटीच्या आसपास जाईल. संकरामुळे येणारा जोम थोडी भर घालतो, पण हेही पोटभर चारा मिळाला तर. शिवाय हा जोम टिकत नाही. पहिल्या पिढीच्या संकरित नर-माद्या आपसात लावल्या की पुढच्या पिढीत तो निम्म्यावर येतो. पहिल्या वेताची करडं दाखवून बोकड विकले जातात, तेव्हा ही दुसरी पिढी कुणी दाखवत नाही.

'वाढ रक्तात असते' हे कितपत खरं? दोन जातींमधल्या वजनाच्या फरकात रक्ताचा वाटा मोठा असतो, हे मान्य. एकाच जातीतल्या जनावरांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वजनातल्या फरकापैकी पुढच्या पिढीत उतरू शकणारा हिस्सा म्हणजे आनुवंशिकतेचं प्रमाण. शेळ्यांच्या वाढीसाठी ते बहुतेक अभ्यासांत ०.१ ते ०.४ च्या आसपास येतं. समजा, ते ०.२५ आहे आणि एक बोकड बरोबरच्या नरांच्या सरासरीपेक्षा ८ किलोंनी जड आहे. त्यातलं रक्ताचं समजावं ते २ किलो, आणि करडापर्यंत सरासरीने पोहोचेल ते १ किलो. हा १ किलो लहान नाही. दर पिढीला असा निवडलेला नर वापरला तर कळप खरोखर सुधारतो. पण ८ किलोंची किंमत मोजून ८ किलोंची अपेक्षा धरणाऱ्याची फसगत ठरलेली.

सगळ्यात जास्त राग येतो तो चारा-गोठा दुय्यम म्हणण्याचा, कारण त्यात आई पार पुसली जाते. बोकड फक्त जनुक देतो. शेळी जनुक देते, पाच महिने गर्भाशय देते आणि नंतर दूध देते. गर्भाची बहुतांश वजनवाढ गाभणकाळाच्या शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होते. त्याच वेळी शेळी अर्धपोटी राहिली तर करडू हलकं जन्मतं आणि चीकही कमी मिळतो. करडू जन्मतः रोगप्रतिकारक प्रतिपिंडांविना असतं; ती चिकातून येतात आणि आतड्यातून शोषून घेण्याची क्षमता पहिल्या काही तासांतच घटू लागते. जो तास चुकला तो कुठलाही बाप भरून देत नाही. दूध तुटेपर्यंतच्या वजनावर आईचा हा ठसा ठळक असतो, पुढे तो फिका पडतो. पण तेव्हा जंत आणि रक्ती हगवण पुढे येतात. जठरात रक्त शोषणारे गोल जंत उत्तम वंशाचं करडूही खंगवतात.

मोठी जात आणताना आणखी एक हिशेब राहून जातो. मोठ्या शरीराला नुसतं जगायलाच जास्त चारा लागतो. जिथे चारा तोकडा आहे तिथे ते जनावर खाल्लेलं सगळं तग धरण्यातच घालवतं आणि लहान चणीची, काटक शेळी त्याच रानात त्याच्यापेक्षा जास्त मांस देऊ शकते. म्हणजे कोणती जात चांगली, याचं उत्तर ती कुठे वाढणार यावरही अवलंबून आहे. लहान चणीच्या शेळीला फार मोठ्या जातीचा नर लावला तर वेताला अडण्याचा धोकाही वाढतो.

राहिलं 'सगळ्यात वजनदार करडू राखा'. एकटं जन्मलेलं करडू जुळ्यापेक्षा जड असतं, नर मादीपेक्षा जड, अनुभवी शेळीचं करडू पहिलारू शेळीच्या करडापेक्षा जड. चाऱ्याच्या हंगामात जन्मलेलं तर पुढे जाणारच. नुसत्या काट्यावर निवड केली तर तुम्ही वर्षानुवर्षं एकटी जन्मलेली करडं राखाल आणि नकळत जुळी देणारी रक्तरेषा मागे पडेल. जुळ्यातलं करडू थोडं हलकं असूनही रक्ताने सरस असू शकतं. म्हणून जन्मतारीख, एकटं की जुळं, आईचं कितवं वेत आणि ठरावीक वयाचं वजन वहीत लिहावं, आणि तुलना एकाच हंगामातल्या, एकाच गोठ्यात वाढलेल्या करडांत करावी. बोकड विकणाऱ्याकडेही हीच वही मागावी. आणि घेतलेला बोकड स्वतःच्याच मुलींवर लावू नये: त्या करडांचा समरक्ततेचा गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाचं तेच जनुक आई आणि बाप दोघांकडून येण्याची शक्यता, किमान २५ टक्के होतो आणि वाढ व जगण्याचं प्रमाण दोन्ही घसरतं, मग त्या बोकडाचं वजन कितीही असो.