कुत्री उचलून नेल्यावर पुढे काय?

जुळे सोलापूरमधल्या माझ्या भावाच्या सोसायटीच्या ग्रुपवर भटकी कुत्री उचलून न्यावीत की नाही यावरून वाद पेटला की कुणीतरी हमखास लिहितं, 'परदेशात रस्त्यावर एक तरी भटकं कुत्रं दिसतं का?' भाऊ तो मेसेज मला पाठवतो आणि खाली लिहितो, 'ताई, सांग की आता.' त्याची अपेक्षा रास्त आहे. मी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहते, कुत्र्यांना शिकवणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे आणि आमच्या घरात बहुतेक वेळा एखादं सुटका करून आणलेलं कुत्रं मुक्कामाला असतं.

इथे रस्त्यावर कुत्री दिसत नाहीत, हे खरं आहे. ती का दिसत नाहीत, हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथेही रेबीजची दहशत होती. 1897 पासून सरकारने कुत्र्याच्या तोंडाला मुसकं सक्तीचं केलं, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अलग ठेवायला लावलं आणि मोकाट सापडलेली हजारो कुत्री मारली. 1902 मध्ये रोग गेला, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर परत आला आणि 1922 मध्ये कायमचा संपला. आज इंग्लंडमध्ये प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली मालकाच्या नोंदीची चिप असावी लागते. 2016 पासून तसा नियम आहे. मोकाट सापडलेलं कुत्रं स्थानिक कौन्सिल सात दिवस सांभाळते. मालक आला नाही तर ते प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे देता येतं, नाहीतर इंजेक्शन देऊन मारता येतं. संस्था कितीही धडपडल्या तरी हे दुसरं घडतंच. 'तिकडचं' उदाहरण देणाऱ्याने एवढं सगळं त्यात धरायला हवं.

संस्थांच्या धडपडीत आमच्यासारखी घरं येतात. कुत्रं संस्थेचं, औषधपाण्याचा खर्च तिचा. घर आणि वेळ आमचा. याला फॉस्टर म्हणतात. कायमचं घर मिळालं की कुत्रं जातं. पिंजऱ्यांच्या रांगेत, दिवसभराच्या भुंकण्यात राहून चांगलं कुत्रंही बिघडतं. कुणी गोल गोल फिरत राहतं, कुणी स्वतःचा पाय चाटून चाटून जखम करून घेतं. म्हणून त्याला लवकरात लवकर माणसांच्या घरात आणायचं असतं. मी ट्रेनर असल्यामुळे आमच्याकडे अवघड कुत्रीच जास्त येतात.

घरातल्या प्रत्येकाला त्याप्रमाणे वागावं लागतं. कुत्रं त्याच्या क्रेटमध्ये, म्हणजे झोपायच्या पिंजऱ्यात, असताना मुलांनी तिकडे फिरकायचंही नाही. जेवताना, झोपताना हात लावायचा नाही. सुरुवातीचे दिवस पाहुणे बंद, वाढदिवसही बाहेर. सासूबाई सोलापूरहून आल्या की शेंगांची चटणी आणि बेदाणे आणतात. चटणीत लसूण, आणि बेदाण्यांनी तर कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, म्हणून दोन्ही डबे वरच्या कपाटात बंद. सासूबाईंना आधी हे खटकलं. नंतर नातवाच्या हातून बेदाणा खाली पडला की त्याच सगळ्यांच्या आधी ओरडायला लागल्या. माझी मुलगी कुत्र्याकडे बघून सांगते, 'आई, त्याने ओठ चाटले, त्याला आता नको आहे.' जांभई, ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, या क्रमाने कुत्रं बोलत असतं. आपण ऐकलं नाही की मग ते चावतं. फॉस्टर कुत्रं नव्या घरी जातं त्या दिवशी आमच्याकडे नीट जेवण होत नाही. तरी मुलं पुढच्या कुत्र्याचं अंथरूण स्वतः धुऊन ठेवतात.

सोलापूरच्या वादाशी थेट जोडलेली कुत्री मात्र वेगळी आहेत. ती रोमानियाहून येतात. 2013 मध्ये बुखारेस्टमध्ये भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात एक लहान मुलगा गेला आणि त्यानंतर, ठरावीक मुदतीत कुणी घ्यायला न आलेली कुत्री मारता येतील असा कायदा तिथे झाला. ती वाचवायला इथले लोक पुढे आले आणि व्हॅन भरभरून कुत्री ब्रिटनमध्ये येऊ लागली. ज्या देशात रस्त्यावर कुत्री नाहीत, तिथले लोक दुसऱ्या देशातल्या रस्त्यावरची कुत्री आणतात.

आमच्याकडे नोरा आली ती अशीच, रस्त्यावर जन्मलेली आणि मोठी होऊन पकडली गेलेली. भिंतीकडे तोंड करून सोफ्यामागे उभी राहायची. पट्टा दिसला की अंग चोरायची, दार लागलं की थरथरायची. खाणं फक्त रात्री, सगळे झोपल्यावर. रस्त्यावर तिचं बरं चालत असणार: कुठल्या फाटकातून तुकडा मिळतो, कुठल्या माणसापासून लांब राहायचं, हे तिला माहीत असणार. बंद घर तिच्या जगात कधी नव्हतंच. एका कुत्रीमागे सगळं घर लागूनही तिची भीती उतरायला काही महिने गेले. शेकडो कुत्री एका शेडमध्ये कोंडल्यावर काय होईल, हे मला नोरामुळे नीट दिसतं.

म्हणून 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं, तेव्हा मला ते मान्य नव्हतं. 22 ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस करून कुत्रं त्याच जागी सोडायचं. पिसाळलेलं किंवा आक्रमक असेल तर सोडायचं नाही. हे मला पटतं, अपवादासकट पटतं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा आदेश आला. शाळेच्या आवारापुरती मी त्याच्याही बाजूने आहे.

कारण समोरच्या बाजूची भीती खरी आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून गाडीवर घरी येणाऱ्या माणसाला भूतदयेची व्याख्यानं देऊ नयेत. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची, हे प्रत्येक मुलाला पाठ हवं. धावू नये, किंचाळू नये, हात अंगाशी धरून स्थिर उभं राहावं, हेही. गाडीमागे धावणारं कुत्रं हलत्या वस्तूच्या मागे लागलेलं असतं. वेग वाढवला की ते आणखी चेकाळतं. हळू केली, थांबवली की बहुतेकदा सोडून देतं.

बिस्किटं टाकून निघून जाणाऱ्यांवरही माझा राग आहे. सोसायटीच्या फाटकात रोज खाणं मिळालं की कुत्रं ते फाटक आपलं मानतं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर धावतं. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिने-दारांपासून लांब ठरवायला सांगितलं आहे. जो खाऊ घालतो त्याने त्या कुत्र्याचं नसबंदीचं ऑपरेशन आणि लस याचीही जबाबदारी घ्यावी. इंग्लंडकडून एवढंच घेण्यासारखं आहे: प्रत्येक कुत्र्यामागे कुणाचं तरी नाव.

'शहराबाहेर नेऊन सोडा' हा उपाय तर मला सगळ्यात घातक वाटतो. सोलापूरच्या बाहेर नान्नजचं माळरान आहे, माळढोकांसाठी 1979 मध्ये राखलेलं. तिथे आधीच मोजके उरलेले पक्षी आणि लांडगे आहेत. सोडलेली कुत्री जमिनीवरची अंडी-पिल्लं खातात, लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपरसारखे रोग देतात. इकडे गल्लीत मोकळी झालेली जागा शेजारच्या गल्लीतली, ऑपरेशन न झालेली कुत्री भरून काढतात.

आपल्याकडे करता येण्याजोगं फॉस्टर पिल्लांचं आहे. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, दोनेक महिन्यांनी पिल्लं होतात आणि थंडी सरेपर्यंत त्यातली बरीच गाड्यांखाली जातात. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की आईपासून दूर करता येतं आणि साडेतीन महिन्यांपर्यंत ते माणसांचं घर सहज स्वीकारतं. तेवढे काही आठवडे एखाद्या कुटुंबाने सांभाळलं, लस टोचून घेतली, पट्ट्याची सवय लावली, तर त्याला घर मिळू शकतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हस्कीसारखं थंड प्रदेशातलं कुत्रं विकत घेऊन ते गच्चीवर बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मोठ्या कुत्र्यांना मात्र त्यांच्या गल्लीतच राहू द्यावं, नसबंदीची खूण म्हणून कान कापलेली आणि लस टोचलेली अशी. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी गल्लीच्या गल्ली धरावी लागते, इकडचं एक, तिकडचं एक करून भागत नाही.

भावाच्या सोसायटीभोवती दोन माद्या अशा आहेत ज्यांचे कान अजून कापलेले नाहीत. त्यांचं ऑपरेशन भाद्रपदाच्या आधी व्हायला हवं. महापालिकेकडे अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ दे, खाली सही खाऊ घालणाऱ्यांची आणि तक्रार करणाऱ्यांचीही असू दे. ऑपरेशननंतर त्यांना ठेवायला एक रिकामं पार्किंग लागेल. भावाने आपलं देऊ केलं आहे.