गार झालेला चहा आणि गार केलेला चहा

चहाला आपणहून गार व्हायचं असलं तर कुणाचीही मदत लागत नाही. कप समोर ठेवावा, फोन उचलावा, बोलणं संपेपर्यंत एक कोमट, केविलवाणा, प्यायचाही नाही आणि ओतवतही नाही असा द्रव तयार असतो. हाच चहा मुद्दाम गार करायला घेतला की मात्र त्याचे नखरे सुरू. तो गढूळ होतो, पाणचट होतो, तुरट होतो, साखर तळाशी दडवून बसतो आणि एवढं सगळं करूनही पुरेसा गार होत नाही.

या सगळ्याचं मूळ माझ्या मते एकाच गैरसमजात आहे: आधी चहा करायचा आणि मग वरून बर्फ घालायचा. बर्फाला आपण कोथिंबिरीसारखं वागवतो. पण आइस टीमध्ये जवळजवळ निम्मं पाणी बर्फातूनच येतं, आणि ते येणार हे धरून चहा उकळायच्या आधीच हिशेब मांडावा लागतो.

हिशेब शाळेतला आहे. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम पाण्याचं तापमान एक अंशाने उतरवायचं तर त्यातून एक कॅलरी काढून घ्यावी लागते. (ही पदार्थविज्ञानातली कॅलरी. वजनकाट्यावर घाबरवणारी कॅलरी हिच्या हजारपट मोठी असते, तिचा इथे संबंध नाही. तो पुढे साखरेपाशी येईल.) आता ८० अंशांचा वाफाळता चहा घ्या आणि त्यात तेवढ्याच वजनाचा शून्य अंशाचा बर्फ टाका. शेवटी काय उरतं? शून्य अंशाचा चहा, दुप्पट पातळ, आणि बर्फाचा एक खडा नाही. फ्रीजरमधला बर्फ उणे १८ च्या आसपास असतो, त्यामुळे तो ग्रॅममागे आणखी नऊ कॅलरी सोसतो, पण तेवढ्याने फार काही वाचत नाही. ग्लासात चार खडे टाकून वरून कढत चहा ओतणारा माणूस कोमट पाणी बनवत असतो, फक्त रंगीत.

बर्फाच्या ट्रेची कुवतही पाहून घ्यावी. नेहमीच्या ट्रेमधला एक खडा १५ ते २० ग्रॅमचा. चौदा खणांच्या ट्रेत २५० ग्रॅमच्या आत-बाहेर बर्फ निघतो, त्यातले दोन खडे ट्रे पिळताना ओट्याखाली जातात ते वेगळे. अर्धा लिटर चहाला वितळून जाणाराच बर्फ ४०० ग्रॅम लागतो. शिवाय ग्लासात खुळखुळायला हवा तो निराळा. म्हणजे चार जणांसाठी दोन ट्रे तर नुसते चहाच्या पोटात जाणार, आणि तिसरा आदल्या रात्रीच भरून ठेवलेला असायला हवा. ‘पटकन आइस टी करू या’ या वाक्यातला ‘पटकन’ खोटा आहे तो इथे.

आता प्रमाण. गरम चहाला एका लिटरला साधारण दहा ग्रॅम पाती पुरते. आइस टीला अर्ध्या लिटर पाण्यात १२ ग्रॅम. अख्ख्या पानांचा चहा असेल तर सहा लहान चमचे, बारीक दाणेदार पावडर असेल तर चार-साडेचार, कारण दाणेदार चहा चमच्यात दाटीवाटीने बसतो. वजनकाटा असेल तर तोच वापरा, कारण ‘एक चमचा’ या मापाला प्रत्येक घरात वेगळा चमचा असतो. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करायचा, पाती टाकायची, झाकण ठेवायचं. पाती असेल तर पाच मिनिटं, दाणेदार चहा तीनच मिनिटं. मग गाळायचं.

इथे हात आवरावा लागतो. चहा पातीसकट उकळत ठेवायचा नाही, आणि कडक हवा म्हणून वेळही वाढवायचा नाही. चहा कडक करायचा तो पाती वाढवून. वेळ वाढवला की पानातली तुरट द्रव्यं जास्त उतरतात, आणि गरम दुधात जो तुरटपणा झाकला जातो तो बिनदुधाच्या गार चहात उघडा पडतो. जीभ टाळ्याला चिकटते. गाळण्यात उरलेला चोथा चमच्याने दाबून पिळण्याची एक अनावर इच्छा प्रत्येकाला होते. अर्धा लिटर पाणी घेतलं आणि खाली साडेचारशे मिलीच्या थोडं वरच उतरलं, म्हणजे उरलेलं पाणी चोथ्याने लंपास केलं, हे खरं आहे. ते त्याला लखलाभ असू द्या. पिळून जे निघतं ते थोडं चहा आणि बरंचसं तुरटपण आणि गाळ.

हिरव्या चहाचं याहून नाजूक. त्याला उकळतं पाणी चालत नाही. ७५ ते ८० अंश हवं. थर्मामीटर नसेल तर उकळी आल्यावर पातेलं पाच-सहा मिनिटं उघडं ठेवायचं, मग पाती टाकून दोन-तीन मिनिटांत गाळायचं. घाई केली तर भाजीचं पाणी प्यायल्यासारखं लागतं आणि दोष मात्र चहाला दिला जातो.

गाळलेला चहा आता बर्फावर ओतायचा. तो काचेच्या जगमध्ये ओतू नका, एवढी एक विनंती. जाड काच मजबूत दिसते म्हणून तिचा भरवसा वाटतो, पण आतली बाजू तापून पसरते, बाहेरची थंडच राहते, आणि या भांडणात जाड काच पातळ काचेच्या आधी तडकते. स्टीलच्या पातेल्यात ४०० ग्रॅम बर्फ घ्या, त्यावर चहा ओता, ढवळा. साडेआठशे मिलीच्या आसपास गार चहा मिळतो, आणि लिटरमागे पातीचं प्रमाण अजूनही चौदा ग्रॅमच्या आसपास राहतं. गरम चहापेक्षा हे जास्त आहे, आणि तसंच हवं, कारण ग्लासातला बर्फ पुढे पाणी घालतच राहणार. शिवाय गार पदार्थाचा वास कमी उडतो आणि गोडी जिभेला कमी जाणवते. गरम असताना चाखून ‘वा, अगदी बेताचा झालाय’ असं वाटलं तर समजावं की आइस टी फिका होणार. गरम असताना तो थोडा अंगावर यायला हवा.

गोडी कमी जाणवते म्हणजे साखर जास्त लागते, आणि साखर हा या प्रकरणातला सगळ्यात आडमुठा घटक. गंमत अशी की शून्य अंशाच्या १०० मिली पाण्यातसुद्धा पावणेदोनशे ग्रॅमहून जास्त साखर विरघळू शकते. कुवत आहे, घाई नाही. गार चहात दोन चमचे साखर टाका आणि ढवळत बसा. पहिली दोन मिनिटं बर्फाची किणकिण कानाला गोड वाटते. चौथ्या मिनिटाला घरातले लोक बघायला लागतात. सहाव्या मिनिटाला बर्फ विरघळतो, साखर तिथेच. मग पहिला घोट कडसर, मधला बरा, आणि शेवटचा घोट म्हणजे ओली साखर चमच्याने खरवडून खाण्याचा कार्यक्रम.

या चुकीला परंपरा मोठी आहे. अमेरिकेत १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडेन नावाच्या माणसाने उकाड्याला कंटाळून गरम चहा बर्फावर ओतला आणि आइस टीचा शोध लावला, असं हौसेने सांगतात. पण व्हर्जिनियातल्या गृहिणींच्या, १८७९ साली छापलेल्या स्वयंपाकाच्या पुस्तकात त्याची कृती आधीच हजर आहे: रात्रीच्या जेवणाला चहा हवा तर हिरवी पाती सकाळी न्याहारीच्या वेळीच भिजत घालायची, दुपारी गाळायची, आणि ऐन वेळी ग्लासात बर्फ, त्यावर दोन चमचे साखर, त्यावर चहा. म्हणजे ग्लासाच्या तळाची साखर खरवडणं तेव्हापासून चालू आहे. सकाळपासून वाट बघणंही.

उपाय पाकाचा. शंभर ग्रॅम साखर, शंभर मिली पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं आणि एक उकळी येताच गॅस बंद. तार बघायची नाही. एकतारी करायला गेलात तर तो गार चहात जड होऊन गपकन तळाशी जातो आणि आपण पुन्हा चमच्याशी येतो. साधारण १६० मिली पाक होतो. एका मोठ्या, म्हणजे १५ मिलीच्या चमच्यात नऊ ग्रॅम साखर बसते. अडीचशे मिलीच्या ग्लासाला दीड ते दोन चमचे. स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर दोन-तीन आठवडे टिकतो. ज्यांना पाकाचाही कंटाळा आहे त्यांनी चहा गाळल्या गाळल्या, बर्फाच्या आधी, साखर घालून मोकळं व्हावं. मग ‘मला बिनसाखरेचा’ म्हणणारा पाहुणा आला तर तो प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

आता गढूळपणा. चहा सोनेरी, पारदर्शक, फोटो काढण्याजोगा झालेला असतो. जग फ्रीजमध्ये जातो. तासाभराने काढला तर आत ताकाचं पाणी मिसळल्यासारखा काहीतरी प्रकार. लोक घाबरून ओतून देतात. ओतू नका, तो बिघडलेला नाही. चहातलं कॅफीन आणि रंग-तुरटपणा देणारी द्रव्यं गरम पाण्यात सुटी असतात, गार झाली की एकमेकांना धरून बसतात. त्यांचे बारीक कण तरंगतात आणि चहा ढगाळ दिसतो. चहा जितका कडक तितकं हे जास्त, आणि पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर आणखी जास्त. म्हणून कडक चहा तसाच फ्रीजमध्ये ढकलू नये. आधी पातळ करावा, बाहेरच कोमट होऊ द्यावा, मग आत ठेवावा. झालाच गढूळ, तर थोडं उकळतं पाणी घालून ढवळलं की बहुतेक वेळा निवळतो. लिंबू पिळलं की रंगही डोळ्यांदेखत उजळतो. ही जादू पाहण्यासाठी तरी लिंबू शेवटी पिळावं: लिटरला एक ते दोन मोठे चमचे रस. साल टाकून उकळू नये. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो. आणि लिंबू घातलेल्या चहात दूध घालून बघण्याचा मोह कुणाला झालाच, तर गाळणं पुन्हा धुवायच्या तयारीने करावं.

तुरटपणा मारायला चिमूटभर खायचा सोडा घालतात. युक्ती खरी आहे, चिमूट मात्र मुंगीची हवी. लिटरला चमच्याचा आठवा हिस्सासुद्धा जास्त होतो. रंग गडद होतो, तुरटपणा मऊ होतो, आणि हात सैल सुटला तर चहाला साबणाची चव येते. चहा वेळेवर गाळला असेल तर सोड्याची गरजच पडत नाही, म्हणून मी तरी या वाटेला जात नाही.

हे सगळं वाचून दमलात तर चहा थंड पाण्यातच भिजवायचा आळशी आणि उत्तम मार्ग आहे. एक लिटर पिण्याचं थंड पाणी, दहा ग्रॅम पाती, झाकण, फ्रीज, आठ तास. हिरव्या चहाला सहा पुरतात. थंड पाणी तुरट द्रव्यं आणि कॅफीन कमी ओढतं, त्यामुळे चहा गुळगुळीत उतरतो आणि सहसा गढूळ होत नाही. बर्फही ग्लासापुरताच लागतो, कारण गार करायला काही उरलेलंच नसतं. उणं एवढंच, की काळ्या चहाचा तो झणका यात नाही. सज्जन माणसाशी बोलल्यासारखं वाटतं. काही जण बरणी फ्रीजऐवजी उन्हात ठेवतात. ते करू नये. उन्हात पाणी जंतू मरण्याइतकं तापत नाही, त्यांना वाढायला सुखाचं होण्याइतकं मात्र तापतं.

पुदिना घालायचा तर चहा कोमट झाल्यावर, पानं तळहातावर एकदा चापटून. उकळला तर काढा. उरलेल्या चहाचेच खडे जमवून ठेवले तर पुढच्या वेळी ते वितळून चहा पाणचट होत नाही. ट्रेला रंग धरतो, आणि कुणीतरी ते तपकिरी खडे साध्या पाण्यात टाकून विचारतोच, की हे पाणी असं का दिसतंय.

जग झाकूनच ठेवायचा, कारण फ्रीजमधल्या कापलेल्या कांद्याशी चहाची फार लवकर दोस्ती होते. दोन दिवसांत संपवायचा. आंबूस वास आला किंवा ओतताना धार चिकट वाटली तर चव घेऊन खात्री करायला जाऊ नका, थेट मोरीत ओता. आणि बर्फाचा ट्रे रिकामा झाला की तो पाणी भरून मगच फ्रीजरमध्ये ठेवायचा. रिकामा ट्रे आत सरकवून दार लावणारा माणूस प्रत्येक घरात एक तरी असतो, आणि पुढचा आइस टी सगळ्यात आधी त्यालाच हवा असतो.