लाइव्ह न पाहणाऱ्या घराने लायसन्स का काढावं?

ब्रिटनमध्ये बीबीसीचा खर्च ज्याच्या फीतून चालतो, त्या टीव्ही लायसन्सचा विषय निघाला की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: ‘घरात टीव्ही ठेवायलाही परवाना?’ नुसता ठेवायला नाही. कोणत्याही वाहिनीचं प्रक्षेपण चालू असताना ते पाहायचं वा रेकॉर्ड करायचं असेल, किंवा बीबीसी आयप्लेअर (बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणारी सेवा) वापरायचा असेल, तरच तो लागतो. नेटफ्लिक्सवर नुसते सिनेमे-मालिका पाहणाऱ्या घराला एक पेनीही देणं नाही, आणि ते योग्यच आहे.

इथे ब्रिटनमधल्या मराठी घरांत मात्र उलटा गैरसमज आढळतो. ‘आम्ही बीबीसी लावतच नाही’ म्हणायचं आणि निवडणूक निकालाच्या दिवशी पहाटेपासून यूट्यूबवर मराठी वृत्तवाहिनी लाइव्ह लावायची. वाहिनी भारतातली असो, पडदा मोबाइलचा असो, लायसन्स लागतंच. आयपीएलच्या थेट सामन्यालाही. अशा घरांनी पैसे भरावेत, असं मी स्पष्ट सांगते.

माझा राग शिक्षेवर आहे. एप्रिल २०२५ मध्ये वर्षाची फी १७४.५० पौंड झाली. ती न भरता पाहणं हा फौजदारी गुन्हा, दंड १००० पौंडांपर्यंत. वीजबिल थकवणारा गुन्हेगार ठरत नाही, मग हा का? दोषी ठरणाऱ्यांत बहुसंख्य बायका असतात, कारण तपासनीस दार वाजवतो तेव्हा बहुधा त्याच घरी असतात. ज्यांना लायसन्स लागतच नाही त्यांच्याकडेही दरडावणारी पत्रं येतात. नवख्या विद्यार्थ्याला ती वाचून धडकी भरते. वॉरंट नसेल तर तपासनिसाला घरात घेण्याची सक्ती नाही, हे त्याला कोण सांगणार?

‘मग लायसन्सच रद्द करा, सरकार देईल पैसे,’ असं भारतातून सुचवलं जातं. आपल्याकडेही रेडिओ-टीव्हीचे परवाने पोस्टात काढावे लागत. १९८०च्या दशकात ते बंद झाले. १९९७ मध्ये दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती आली, कायद्याने स्वायत्त. पण तिची मोठी भिस्त सरकारी अनुदानावरच राहिली. दूरदर्शनच्या बातम्या सरकारला अडचणीचे प्रश्न किती विचारतात, हे आपण पाहतोच. ब्रिटनमध्येही फी सरकारच ठरवतं, तरी पैसा प्रेक्षकाच्या घरातून येतो आणि बीबीसीचा पत्रकार मंत्र्याला धारेवर धरू शकतो. हे मला मोलाचं वाटतं.

बीबीसीची सध्याची सनद, म्हणजे तिचा कारभार ज्यावर चालतो तो दस्तऐवज, ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. त्याआधी फौजदारी कलम रद्द व्हावं, थकबाकी दिवाणी मार्गाने वसूल व्हावी, आणि लाइव्ह न पाहणाऱ्या घरांवर सरसकट कर लादण्याचा विचार कुणीही करू नये.