जुनी फियाट पाळणाऱ्या गृहस्थांसाठी काही सूचना

घर, म्हातारी आई आणि १९७८ ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे आपली जुनी फियाटच), हे तिन्ही एकाच माणसाला सांभाळता येतं का असं बरेच जण विचारतात. येतं की. आमच्याकडे अकरा वर्षं सांभाळलं जातंय. फक्त त्या माणसाला बायको पाहिजे, बाकी काही अवघड नाही.

सगळ्यात आधी गाडी म्हणजे बाबांची आठवण आहे हे जाहीर करून टाका. बाबांनी बुकिंग करून किती वर्षं वाट बघितली, पेढे कुठून आणले, हे दर गणपतीत आलेल्या प्रत्येकाला सांगा. एकदा आठवण ठरली की तिच्यावरच्या खर्चाला खर्च म्हणत नाहीत. (ज्यांच्या नवऱ्याची ही आठवण, त्या माझ्या सासूबाई म्हणतात, "अरे तिने त्यांनापण कधी धड पोचवलं नाही, विकून टाक." पण भावनेच्या विषयात बायकांचं ऐकायचं नसतं.)

कार्बोरेटर ओट्यावरच उघडावा. उजेड चांगला येतो. त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांच्या तोट्या, धुवायला लोणच्याची वाटी बेस्ट.

ज्या रविवारी घरातली जळमटं काढायची असतील त्या रविवारी पॉइंट, म्हणजे इंजिनची ठिणगी सांभाळणारे ते दोन इवलेसे तुकडे, घासायला काढा. पॉइंट घासून झाले असतील तर पार्ट शोधायला नाना पेठेत जा. "दहा मिनिटांत आलो" म्हणायला विसरू नका.

पार्टचा साठा हवाच. कुर्ल्याला पद्मिनी बनायची बंद होऊन जमाना झाला, त्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी पण गेली. त्या दिवशी आमच्याकडे सुतक होतं, नवरा दोन घासच जेवला, आणि सुतक फिटल्यावर "आता काहीच मिळणार नाही" म्हणून माळ्यावर दोन डिस्ट्रिब्युटर, एक डायनॅमो आणि एक अख्खा दरवाजा चढला. फराळाचे डबे तेव्हापासून पलंगाखाली असतात.

गाडीला ५० वर्षं झाली की ती कायद्याने विंटेज होते, नव्याने नोंदवली तर व्हीए वाली वेगळी नंबरप्लेट, २० हजार फी, आणि मग ती रोजच्या वापराला चालवायची परवानगी नाही. २०२१ चा नियम आहे. सरकारचा हा एकच नियम मला मनापासून पटलाय. आत्ता तरी कुठे रोज चालते.

आता महत्त्वाचं. घरात कुणाची तब्येत बरी नसेल तर त्यांना दवाखान्यात याच गाडीतून न्यावं, म्हणजे कुटुंब आणि छंद एकाच फेरीत उरकतं. मागच्या गुरुवारी आम्ही हेच केलं. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, चेकिंगची साडेबाराची अपॉइंटमेंट. मी म्हटलं रिक्षा बोलावते. तर नाही, रिक्षात दणके बसतात, पद्मिनीचं सीट कसं सोफ्यासारखं आहे. एप्रिलचं ऊन, एसी नाही, आई काळा गॉगल लावून पुढे सोफ्यावर, आणि नळस्टॉपच्या पुलावर चढता चढता गाडी दोन आचके देऊन बंद. मागे हॉर्न. नवरा शांतपणे उतरला, बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "व्हेपर लॉक." म्हणजे इंजिनच्या गरमीने पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही, मग पंपावर ओलं फडकं टाकून गार होईपर्यंत थांबायचं. मला हे सगळं पाठ आहे, मला नको असताना पाठ आहे. तर फडकं नव्हतं. डिकीत तीन प्रकारचे पाने, फॅनबेल्ट, कंडेन्सर, सगळं होतं, फडकं नव्हतं. मग त्याने काय केलं, आईंचा डोळा पुसायला मी उकळून, इस्त्री करून, स्वच्छ पिशवीत घालून आणलेला रुमाल घेतला, आईंच्याच प्यायच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि ठेवला पंपावर. डोळ्याचा रुमाल! आणि वर मला सांगतोय की हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना, पूर्वी असं होत नव्हतं. आई आत बसून म्हणतायत, "होत होतं."

शेवटी रिक्षाच केली. मी आणि आई गेलो, तो गाडीपाशी थांबला, कारण गाडी एकटी कशी सोडणार. संध्याकाळी पेट्रोल कसं उकळलं हे सोसायटीतल्या चार जणांना समजावून झाल्यावर विचारतो, "काय म्हणाले डॉक्टर?"

काय म्हणणार? एक ड्रॉप सहा वेळा, दुसरा चार वेळा, तक्ता फ्रिजवर लावलाय, तू फ्रिज उघडतोस ना? गाडीची वही आहे तुझ्याकडे, ऑइल कुठल्या तारखेला बदललं, किती किलोमीटरला, प्लग कधी साफ केले, सगळं सुवाच्य अक्षरात. म्हणजे लक्षात ठेवता येतं तुला. काळजी घेता येत नाही असं नाहीये तुझं, मला राग त्याचाच येतो. पॉइंटचा गॅप व्हिजिटिंग कार्ड घालून बघतोस, केसभर इकडेतिकडे झाला तर रात्री झोप येत नाही. आईच्या दोन ड्रॉप्समध्ये किती गॅप ठेवायचा सांग बघू? पाच मिनिटं. तीनदा सांगितलंय. आणि आई तुझी आहे, मी सूनबाई आहे, तुझी क्लीनर नाही.

पावणेनऊ झालेत. नऊचा ड्रॉप आहे, आणि तू खाली पार्किंगमध्ये टॉर्च तोंडात धरून पंप खोलून बसलायस. हात धू, साबणाने, रॉकेलने नाही, आणि वर ये.