पॉलिअ‍ॅनिलिनमध्ये दीप्ती खरोखर विझते का?

सप्रेम नमस्कार,

नॅनोसंमिश्रांवरील (पॉलिमरमध्ये अतिसूक्ष्म कण मिसळून केलेल्या पदार्थांवरील) माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले म्हणणे असे की, पॉलिअ‍ॅनिलिनसारखे विद्युतवाहक पॉलिमर अर्धवाहक नॅनोकणांची दीप्ती, म्हणजे अतिनील प्रकाश पडल्यावरची त्यांची चमक, विझवते, त्यामुळे ‘वाहकही आणि प्रकाशमानही’ असा पदार्थ म्हणजे बोलाचीच कढी. शिवाय कॅडमियम असलेल्या पदार्थाला, त्यात कायटोसॅन हे कोळंबीच्या सालांपासून मिळणारे पॉलिमर आहे म्हणून, पर्यावरणपूरक म्हणणे ही धूळफेक आहे.

दीप्ती मंदावते, याबद्दल वाद नाही. कॅडमियम सेलेनाइडचे कण घातलेली कायटोसॅनची फिल्म नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली लख्ख नारिंगी दिसते आणि पॉलिअ‍ॅनिलिनचे प्रमाण वाढवत नेले, की ती हिरवट, मलूल होत जाते. परंतु यामागे दोन वेगळी कारणे आहेत. पॉलिअ‍ॅनिलिन स्वतःच अतिनील प्रकाश शोषते, त्यामुळे कणांपर्यंत तो कमी पोहोचतो. हे झाले निव्वळ आडोशाचे काम. दुसरे कारण खरे शमनाचे, म्हणजे दीप्ती विझण्याचे: उत्तेजित कणातील इलेक्ट्रॉन किंवा विवर (इलेक्ट्रॉनची रिकामी, धनभारित जागा), प्रकाश बाहेर पडण्याआधीच, शेजारच्या पॉलिमरमध्ये निघून जाते. साधारणपणे पहिल्या प्रकारात दीप्तीचा आयुःकाल, म्हणजे उत्तेजित झाल्यावर ती टिकण्याचा नॅनोसेकंदांतला काळ, तसाच राहतो, दुसऱ्यात तो घटतो. नुसती तीव्रता मोजून निकाल देता येत नाही.

आणि शमन हा दोषच, असे तरी कुठे आहे? 1994 मध्ये याच कणांचा पॉलिमरबरोबर प्रकाश-उत्सर्जक डायोड बनवला गेला, तर 1996 मध्ये तशाच मिश्रणातील शमन हा विद्युतभार वेगळे झाल्याचा पुरावा मानला गेला, कारण सौरघटाला नेमके तेच हवे असते. दिव्यासाठी मात्र भार कणातच राहावा म्हणून कणांवर झिंक सल्फाइडचे कवच चढवतात. कायटोसॅन विद्युतरोधक असल्याने आपण ते निरुपयोगी ठरवता. मला वाटते, ते इथेच कामी येते, कारण कण आणि वाहक पॉलिमर यांच्यात ते अंतर राखते.

कॅडमियमबाबत आपली काळजी रास्त आहे. मात्र मी विघटनशील म्हटले ते केवळ कायटोसॅनला. पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात टाकून दिल्या जाणाऱ्या कोळंबीच्या सालांपासूनही ते बनू शकते (त्यासाठी तीव्र कॉस्टिक सोडा लागतो, हे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत). ते कुजले तरी कॅडमियम मागे उरणारच. युरोपीय नियमांत विद्युत उपकरणांसाठी त्याची मर्यादा सर्वसाधारणपणे वजनाच्या 0.01 टक्के आहे.

कॅडमियम सेलेनाइडऐवजी आपण सुचवलेले झिंक ऑक्साइड चांगला पर्याय आहे, पण कायटोसॅन ज्या सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवतात, त्यात ते कणही विरघळून जातात. म्हणून जस्ताचा क्षार आधी कायटोसॅनच्या द्रावणात मिसळून, मग अल्क घालून कण तिथेच तयार करणे अधिक सोयीचे ठरते.