शिल्लक शिखर म्हणजे सुटलेला अणू नव्हे

‘डिफरन्स मॅपमध्ये 1 इलेक्ट्रॉनच्या वरचं शिखर उरलं, तर तिथे अणू सुटलाय. अणू घाला. आर फॅक्टर उतरला की तो बरोबर. मॅप सपाट झाला की रचना पूर्ण.’ क्रिस्टलोग्राफी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकातली अणूंची रचना काढण्याचं शास्त्र, शिकणाऱ्या मुलांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो. (आर फॅक्टर म्हणजे मॉडेल आणि मोजमाप यांतल्या तफावतीचं मान; जितका कमी, तितकं जुळणं चांगलं.) तो ऐकून मुलं प्रत्यक्षात नसलेले अणू मॉडेलमध्ये बसवतात, आणि असलेले सोडून देतात. म्हणून यातला एकेक दावा घेतो.

‘शिखर म्हणजे सुटलेला अणू.’ डिफरन्स मॅप हा मोजलेली आणि मॉडेलवरून काढलेली इलेक्ट्रॉन-घनता यांच्यातला फरक असतो. मोजमापातली खोटही त्यातच उमटते. प्लॅटिनमचं संयुग घ्या. शेलएक्सएल हे मॉडेल डेटाशी जुळवणारं सॉफ्टवेअर सर्वांत मोठ्या शिखराच्या ओळीच्या शेवटी, चौकटी कंसात, जवळच्या अणूपासूनचं अंतर छापतं. तिथे प्लॅटिनमपासून 0.85 आंगस्ट्रॉम (1 आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असं दिसलं, तर शिखराची उंची 2 असो वा 3, तो अणू नव्हे. प्लॅटिनम-कार्बन बंधच 2 आंगस्ट्रॉमच्या आसपास असतो. प्लॅटिनम क्ष-किरण प्रचंड शोषतं, आणि स्फटिक पातळ पापुद्र्यासारखा असेल तर शोषणाची दुरुस्ती अपुरी पडते. ती पुन्हा करा, जमल्यास स्फटिकाच्या पृष्ठांची मापं घेऊन. शिखरं भलत्याच ठिकाणी विखुरलेली असतील आणि क्षीण परावर्तनांची (स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरण झोतांची) मोजलेली तीव्रता सतत जास्तच येत असेल, तर आधी ट्विनिंग (दोन स्फटिक एकमेकांत गुंतून वाढणं) तपासा.

‘1 इलेक्ट्रॉन ही मर्यादा.’ प्रति घन आंगस्ट्रॉम 1 इलेक्ट्रॉन ही रेषा सगळ्या संयुगांना लागू होत नाही. साध्या सेंद्रिय रेणूत ऑक्सिजनपासून 0.85 आंगस्ट्रॉमवर 0.6 चं शिखर असेल आणि समोर हायड्रोजन बंध घेणारा अणू असेल, तर तो बहुधा सुटलेला हायड्रोजन आहे. हायड्रोजनची शिखरं 1 च्या खालीच असतात. ही मर्यादा पाळणारा माणूस आम्ल आणि त्याचं क्षार यांतला फरकच गमावून बसेल. याउलट उत्तम डेटामध्ये कार्बन-कार्बन बंधाच्या मध्यावर 0.3 च्या आसपासची शिखरं येतात. ते बंधातले इलेक्ट्रॉन असतात. आपलं नेहमीचं मॉडेल अणू गोल धरतं, त्यामुळे ते बाहेर उरतात. ती शिखरं म्हणजे डेटा चांगला असल्याची खूण, त्यांना हात लावू नये.

‘आर उतरला, म्हणजे बरोबर.’ पॅरामीटर वाढवले की आर उतरतोच. याच कारणाने क्रिस्टलोग्राफर ब्रुंगर यांनी 1992 मध्ये प्रथिनांसाठी आर-फ्री मांडला: काही परावर्तनं रिफाइनमेंटबाहेर (मॉडेल डेटाशी जुळवण्याच्या प्रक्रियेबाहेर) ठेवायची आणि मॉडेल त्यांच्यावर तपासायचं. छोट्या रेणूत नव्या अणूचं कंपन-मान (तो आपल्या जागेभोवती किती पसरलेला दिसतो ते) शेजाऱ्यांच्या कित्येक पट फुगलं, तर तो तिथे नाही, किंवा पूर्ण वेळ नाही. प्रथिनात आणखी एक पेच आहे. पाणी, सोडियम आणि मॅग्नेशियमचे आयन, तिघांचे इलेक्ट्रॉन 10. शिखराची उंची त्यांच्यात फरक करत नाही, भूमिती करते: भोवतीचे सहा ऑक्सिजन 2.1 आंगस्ट्रॉमवर असतील तर मॅग्नेशियम, 2.8 च्या आसपास हायड्रोजन बंध जुळत असतील तर पाणी.

‘मॅप सपाट, म्हणजे काही सुटलं नाही.’ मला हा दावा सर्वांत घातक वाटतो. नायट्रोजनेज हे हवेतला नायट्रोजन पकडणारं विकर अझोटोबॅक्टरमध्ये असतं (याच कुळातल्या जिवाणूंचं खत आपल्याकडे बियाण्याला चोळतात). त्याची रचना 1992 मध्ये मांडली गेली, तेव्हा लोह-मॉलिब्डेनम समूहाचा मध्य रिकामा दिसला. तिथे शिखरच नव्हतं. अणू मात्र होता. मधल्या सहाही लोह अणूंपासून तो सुमारे 2 आंगस्ट्रॉमवर आहे. डेटा ठरावीक रिझोल्यूशनला (किती बारीक तपशील दिसतो त्या मर्यादेला; आकडा लहान तितका तपशील बारीक) तुटतो, तेव्हा जड अणूंभोवती खोट्या लहरी उठतात. सहा लोहांच्या लहरींचे खड्डे नेमके मध्यावर एकत्र आले आणि त्यांनी हलक्या अणूची घनता खाऊन टाकली. 2002 मध्ये 1.16 आंगस्ट्रॉमचा डेटा मिळाला तेव्हा तो उघड झाला. तरी तो कार्बन, नायट्रोजन की ऑक्सिजन, हे तेव्हा पक्कं ठरलं नाही. 2011 मध्ये कार्बन सिद्ध झाला, आणि त्यासाठी 1.0 आंगस्ट्रॉमच्या डेटाला कार्बन-13 घातलेल्या नमुन्यांचे स्पिन-वर्णपट आणि क्ष-किरण उत्सर्जनाच्या वर्णपटांची जोड लागली.